मेहरुन्निसा चालायला निघते

सलग तिसऱ्या दिवशी मेहरुन्निसा पायी फिरायला गेली आणि मोटरसायकलवर बसून परत आली.

मोटरसायकल कल्याण दूधवाल्याची होती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मध्ये कल्याण, आणि त्याच्यामागे एका हाताने पदर व दुसऱ्या हाताने कॅनचं झाकण धरून बसलेली मेहरुन्निसा. आष्टीच्या बसस्टँडसमोर तिच्या नवऱ्याचं, लालमियाँचं, चहा-भज्यांचं हॉटेल होतं. कल्याणने तिला थेट त्याच्या दारात उतरवलं.

"चाचा, चाची पार पेट्रोल पंपाकडं एकट्याच पायी चालल्या होत्या," तो मोठं पुण्य पदरी पडल्यासारखा म्हणाला. "म्या म्हणलं, मी असताना तुम्हाला चालायची काय गरज? बसा."

लालमियाँने कल्याणचे आभार मानले, बायकोसाठी चहा ओतला, आणि ती दमली असेल म्हणून शेजारी गरम भज्यांची प्लेटही ठेवली.

"अजी, मैं दुबली होने निकली थी," मेहरुन्निसा हताश होऊन म्हणाली.

"तो खाके निकलो ना," लालमियाँ मायेने म्हणाला. "उसको ताकत लगती."

मेहरुन्निसा शिलाईकाम करायची. पन्नाशीपर्यंतचं निम्मं आयुष्य मशीनवर बसून गेलं होतं आणि बसल्या बसल्या वजन चढत गेलं होतं. आता गुडघे बोलायला लागले होते. दवाखान्यातल्या ज्योत्स्ना डॉक्टरांनी सांगितलं, "भाभी, साखर काठावर आहे. औषध देते, पण खरं औषध चालणं. आणि एकदम फार काही ठरवू नका."

ठरवायचं काम तिचा जालन्यातला मुलगा तन्वीर याने लगेच अंगावर घेतलं. फोनवरून त्याने बजावलं, "अम्मी, टारगेट रखो. बकरी ईद तक बीस किलो कम!"

मेहरुन्निसाला हसू आलं. आजवर किती नवरीमुलींनी तिच्याकडे येऊन सांगितलं होतं, 'लग्नापर्यंत मी बारीक होणारे, ब्लाउज घट्टच शिवा.' मेहरुन्निसा मान डोलवायची आणि आत चार बोटं कापड जास्तीचं सोडून द्यायची. हळदीच्या दिवशी तेच ब्लाउज उसवायला परत यायचे. वीस किलोंच्या बाता तिने खूप ऐकल्या होत्या. तिने स्वतःसाठी बेताचं माप घेतलं: रोज पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि यायचं. बस्स.

आणखी एक गोष्ट तिने मनात ठेवली होती, कुणालाही न सांगता. दोन वर्षांपासून तिची नमाज प्लास्टिकच्या खुर्चीवर चालली होती. गुडघे जमिनीवर टेकू देत नव्हते. अल्लाहला खुर्ची चालते, असं सगळे म्हणायचे. तिला चालत नव्हती.

पण गाव तिला चालू देईल तर ना! कुणी ओळखीचं माणूस रस्त्याने पायी जाताना दिसलं आणि गाडी न थांबवता पुढं गेलो, तर आपल्याला माणुसकी नाही असं होईल, ही गोष्ट आष्टीत प्रत्येकाच्या मनात पक्की होती. चौथ्या दिवशी शाळेच्या व्हॅनने तिला उचललं. त्यानंतर रामकिसनने ट्रॅक्टर थांबवला.

"भाबी, चढा."

"न्हाई भाऊ, मी चालून राह्यले."

"ते दिसूनच राह्यलं की. चढा."

"मला चालायचंच हाये, भाऊ."

रामकिसनचा चेहरा उतरला. "कल्याणच्या गाडीवर बसता, अन् आमचा ट्रॅक्टर चालत न्हाई व्हय?"

ट्रॅक्टरवर चढणं तिला शक्यच नव्हतं. रामकिसनने शेतावर निघालेल्या दोन माणसांना हाक मारली, एकाने वरून ओढलं, एकाने खालून आधार दिला. पेट्रोल पंपावर गाडीत हवा भरणारी माणसं हवा भरायची थांबली. त्या दिवशी भज्यांची प्लेट तिने नको म्हणून सरकवली, पण अपमान गिळावा लागलाच.

दुसऱ्या दिवसापासून तिने ठाम नकार द्यायला सुरुवात केली. कुणीही थांबलं की हात जोडायचे, मान हलवायची, पुढं चालायचं. याचा परिणाम तिच्या अपेक्षेपेक्षा वेगळा झाला. एक बाई रोज पहाटे घरातून निघते, परतूरच्या रस्त्याला लागते, कुणाच्या गाडीत बसत नाही, कुणाशी बोलत नाही, हात जोडते. लोकांनी विचार केला आणि अर्थ काढला. लालमियाँशी भांडण झालं असणार. बाई माहेरी जायला निघते आणि निम्म्यातून संसाराच्या ओढीने माघारी येते.

ही बातमी तिच्या माहेरी, मंठ्याला पोचली. मेहरुन्निसाचा थोरला भाऊ अबुबकर एका रविवारी जीपमध्ये दोन बुजुर्गांना घालून दारात हजर झाला. लालमियाँला कट्ट्यावर बसवलं गेलं.

"हमारी बहन को पैदल निकाले तुम?" अबुबकर गरजला.

"मैं काय को निकालूँ?" लालमियाँ गांगरला. "उनेच निकलती!"

"देखो, कबूल कर रहा!" एक बुजुर्ग दुसऱ्याला म्हणाला.

मेहरुन्निसा मशीनवरून धावत बाहेर आली आणि तिने डॉक्टर, साखर, गुडघे सगळं सांगितलं. पाहुण्यांचा विश्वास बसायला वेळ लागला, पण बसला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की बहीण कुठवर चालते ते बघायलाच हवं, असं ठरलं. सगळे जीपमध्ये बसले, मेहरुन्निसालाही मध्ये बसवलं, आणि पेट्रोल पंप बघून आले. मग एवढी मंडळी आली म्हणून मटण झालं. तिने ताटात थोडंसंच वाढून घेतलं, तर अबुबकरने डोळे पुसले. "कितनी दुखी है मेरी बहन. देखो, खाना भी नहीं जाता."

त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. मन उतरलं होतं. समोरून चतुराबाई बोकडाला दोरीने ओढत नेत होती. चतुराबाई तिची शेजारीण, एकटीच राहणारी, दोन-चार शेरडांवर गुजारा करणारी. बोकड आडवा झाला होता, चतुराबाई त्याला शिव्या घालत होती. रस्त्याने दोन मोटरसायकली आणि एक रिक्षा गेली. कुणीही थांबलं नाही.

मेहरुन्निसा उठून उभी राहिली.

"चतुराबाई, तुमाला कुणी गाडीत बसा म्हणत न्हाई?"

"ह्या मुडद्याला घेऊन कोण बसवंल मला?"

"मंग सकाळचा तो मला द्या. मी फिरवून आणते."

चतुराबाईने तिच्याकडे संशयाने पाहिलं. पण फुकटात बोकडाची पायपीट कुणी करत असेल, तर तिची काही हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याणने लांबूनच वेग कमी केला. बोकड बघितला, कॅनकडे बघितलं आणि मान खाली घालून निघून गेला. रामकिसन तर "चाराया निघाल्या का भाबी?" एवढं विचारून पुढं गेला. जनावर हातात असलं की चालणाऱ्या माणसाची कीव येत नाही, काम दिसतं. मेहरुन्निसा पहिल्यांदाच कुणापुढं हात न जोडता पेट्रोल पंपापर्यंत पायी गेली आणि पायीच परत आली. घरी येऊन तिने पाय चोळले आणि दरवाजा लावून एकटीच हसली.

बोकड काही साधा सोबती नव्हता. बाभळीच्या शेंगा दिसल्या की धावायचा, मग हिलाही धावावं लागायचं. मध्येच बसून घ्यायचा, मग ओढावं लागायचं. पंप सवयीचा झाल्यावर तिने पुढचा पल्ला धरला तो फक्त पुढच्या चिंचेपर्यंत. चिंच जवळ वाटायला लागली तेव्हा कुठं त्याच्यापुढची विहीर. तन्वीरचा फोन आला की ती सांगायची, "चिंचेपर्यंत जाते." किलो ती सांगतच नव्हती.

खरं तर किलोमध्ये सांगण्यासारखं काही नव्हतंही. महिन्याने दवाखान्यातल्या काट्यावर ती उभी राहिली तर काटा जेमतेम हलला होता. ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. लालमियाँने समजूत घातली, "छोड दो ना. जैसे हो वैसे अच्छे हो."

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. उजाडायच्या सुमाराला दारात बोकड ओरडायला लागला. दोरी तोडून आला होता. तिने उशी कानावर घेतली. त्याने दाराला धडक दिली. मग पुन्हा. शेवटी लालमियाँच वैतागून म्हणाला, "जाव बाबा, उनो तय्यार होके आए!"

ती गेली. त्यानंतर एकही सकाळ तिने चुकवली नाही. उन्हाळा तापला तेव्हा ती आणखी लवकर निघू लागली. अंगात ब्लाउज सैल व्हायला लागले, तशी ती स्वतःचे ब्लाउज आत घेत गेली, एका वेळी बोटभर, त्याहून जास्त नाही. पाहुणे आले की ताटातलं निम्मं ती गोड बोलून दुसऱ्याच्या ताटात घालायला शिकली. भज्यांच्या वासातून रोज दोन वेळा जाऊनही तिने हात लावला नाही, आणि ज्याच्या हातची ती भजी होती तो नवरा हळूहळू बायकोकडे वेगळ्या नजरेने बघू लागला. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "बोलती नहीं, करती."

एका पहाटे लालमियाँला जाग आली. मेहरुन्निसाने खुर्ची भिंतीकडे सरकवली होती. जमिनीवर चटई अंथरली होती. ती सावकाश खाली वाकली, गुडघे टेकले, कपाळ टेकलं. बराच वेळ ती तशीच राहिली. लालमियाँ घाबरून उठायला लागला, तेवढ्यात ती उठली, कुणाचा हात न धरता. तिचे गाल ओले होते. लालमियाँ उठला. हात-पाय-तोंड धुऊन, वजू करून आला आणि तिच्यापुढं आपली चटई अंथरली.

बकरी ईद आठवड्यावर आली तशी चतुराबाईने बोकड धुतला, कपाळावर गुलाल लावला आणि बाजारात नेला. वर्षभर तिने तो याच दिवसासाठी सांभाळला होता. व्यापारी आला, त्याने बोकडाच्या पाठीवर हात फिरवला, बरगड्या चाचपल्या, पोटाखाली हात घालून उचलला. बोकड इतका सहज उचलला गेला की व्यापाऱ्याचाच तोल गेला.

"मावशी, ह्यो बोकड हाये का हरीण?"

"काय झालं?"

"ह्याच्या अंगात नुसते पाय हायेत. ह्याला शर्यतीला न्या."

दिवसभरात दुसऱ्या कुणी विचारलंही नाही. संध्याकाळी चतुराबाई बोकडासह मेहरुन्निसाच्या दारात उभी राहिली.

"मेहरून, बाहीर ये! तुझं उतरलं ते उतरलं, माझ्या बोकडाचंबी उतरवलं तू!"

मेहरुन्निसाने बोकडाकडे पाहिलं. रोज बरोबर चालूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. पोट आत गेलेलं, पाय सडसडीत, मान ताठ. तिला एकाच वेळी लाज वाटली आणि त्याचा अभिमानही वाटला.

"चतुराबाई, माझीच चूक हाये. आम्हीच घेतो ह्याला ईदेसाठी," ती म्हणाली. पण म्हणता म्हणता बोकडाने तिच्या पदरात तोंड घातलं आणि तिने दोन्ही हातांनी त्याची मान कवटाळली. "न्हाई. आमच्याच्यानं होणार न्हाई."

"मंग मी काय करू ह्याचं?" चतुराबाई ओट्यावर धपकन बसली. "विकला जाईना, कापवंना. नुसतं फिरवत बसू?"

तेवढ्यात गल्लीत पावलं वाजली. किराणा दुकानदार राधेश्यामची बायको साधना येत होती. सोन्याच्या पाटल्या, गर्द जांभळी साडी आणि पायात कोरे करकरीत पांढरे बूट. सोनपापडीच्या डब्यांमध्ये बसून तीही चांगली भरली होती. दोघींना बघून ती जरा संकोचली, मग धीर करून चतुराबाईजवळ वाकली.

"काकू, मेहरून भाबीला बघून राह्यले मी, तीन महिन्यांपासून. म्या घरी चालायची मशीन आणली, गोळ्या आणल्या, काही होईना." तिने आवाज आणखी खाली आणला. "हा बोकड सकाळचा रिकामा असतो का?"

चतुराबाईने साधनाला पायांपासून वर हळूहळू न्याहाळलं. मग ती उठली, पदर खोचला आणि दोरी हातात घट्ट धरली.

"सकाळचा न्हाई. सकाळचा मेहरूनचा हाये," ती म्हणाली. "संध्याकाळचा देते. पण येताना दुकानातून सरकीची पेंड आणायची. तुमी बारीक व्हा, माझा बोकड होता कामा नये."