तीस अनधिकृत कण

मुलांनो, एका जंगलात एक खाते होते. त्याचे नाव कणखाते.

आकाशातून कधीमधी एक कण भयंकर वेगाने येतो. हवेवर आपटून फुटतो. त्याचे तुकडेही आपटतात, फुटतात, आणि जमिनीवर कणांचा सडा पडतो. त्यातले म्युऑन नावाचे चिवट कण मोजणे हे खात्याचे काम.

मोजायला नाना कासव होते. ते पाण्याच्या झाकणबंद टाकीत राहत. पाण्यातून कण गेला की बारीकसा उजेड चमके. नाना नखाने भिंतीवर एक रेघ ओढत. चाळीस वर्षे ती टाकीच त्यांचे घर होती.

बगळेशास्त्री मात्र कोरडे विद्वान. त्यांनी गणकयंत्रातच खोटा सडा पाडून दाखवला. कण कसा आपटेल, किती तुकडे होतील, सगळे गणिताने. अगदी वरची पहिली टक्कर कोणीच पाहिली नव्हती. तिथे त्यांनी एक पाय वर घेऊन अंदाज केला.

यंत्र म्हणाले, एका सड्यात म्युऑन शंभर. नानांच्या रेघा भरल्या एकशे तीस.

"नाना, वय झालं तुमचं. डोळे तपासून घ्या," शास्त्री म्हणाले.

"शास्त्रीबुवा, आत या की. दोघं मिळून मोजू."

शास्त्रींना थंड पाणी सोसत नव्हते.

मग खात्याचे प्रमुख असलेल्या हत्तीसाहेबांची नोटीस आली. तफावतीचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा टाकी रिकामी करावी. नानांना अन्न गोड लागेना. बायको म्हणाली, शंभर सांगून मोकळे व्हा. पण ओढलेली रेघ त्यांना पुसवेना. शेवटी त्यांनी लिहून दिले: "मी कण मोजतो, पाडत नाही. ज्याने पाडले त्यास विचारावे."

हे नियमात बसत होते. नोटीस आकाशाच्या नावे निघाली आणि सर्वांत उंच झाडावर डकवली गेली. सात दिवस गेले. आकाश गप्प. हत्तीसाहेबांनी शेरा मारला: "मुदतीत उत्तर नाही, सबब चूक आकाशास मान्य आहे. वरचे तीस कण अनधिकृत. शंभरापुढे मोजू नये."

शास्त्रींना शाल मिळाली. नानांची टाकी वाचली. आता शंभर रेघा झाल्या की नाना नख आवरतात, बायकोला हाक मारतात, आणि उरलेले तीस दोघे नुसते बघत बसतात.

तात्पर्य: गणित आणि जग जुळले नाही, तर खुलासा जगाकडे मागावा. जग उत्तर देत नाही, आणि गणित बरोबर राहते.