टिचबटणांचा संत

आमच्या गावात संत मार्टिन टिचबटणांवर चालतो. दर अकरा नोव्हेंबरला तो घोड्यावरून चौकात येतो, थंडीत कुडकुडणारा भिकारी बघून तलवार उपसतो आणि आपला लाल झगा मधोमध कापून अर्धा त्याला देतो. कापतो म्हणजे बटणं सोडतो. टिच, टिच, टिच. पोरांच्या कंदिलात मेणबत्तीऐवजी बॅटरी, संताच्या अंगावर बटणं. आणि याला म्हणायचं सण.

यंदा दरवर्षी संत होणाऱ्या बेकरीवाल्या लोरेन्झचा गुडघा धरला आणि घोडा माझ्याकडे आला. (दुसरं कुणी रिकामं नव्हतं, असं लोक म्हणतात. म्हणोत.) त्या घोड्याकडे मी वर्षानुवर्षं डोळा लावून होतो. यंदा नाव काढलं, तर घोडा कायमचा माझा.

मी जन्मभर खोगिरं शिवली. नाटकं मला जमत नाहीत. ठरवलं, झगा खराखुरा कापायचा. बटणं उपटली, मधली फट मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून टाकली आणि तलवारीला धार लावली.

बायको, हेडविग, बघत होती.

"अहो, भिकारी म्हणून माझा भाऊ बसणार आहे समोर. त्याचं नाक कापाल."

"एंगलबर्टला नाक आहे?"

"आणि तुम्ही घोड्यावर शेवटचे कधी बसलात?"

"खोगीर मला ओळखतं."

"बरं," हेडविग म्हणाली. ती 'बरं' म्हणते तेव्हा माणसानं सावध व्हावं. मी झालो नाही.

संध्याकाळी चौकात शेकोटी पेटली. बँड लागला. मेव्हणा फाटक्या सदऱ्यात जमिनीवर बसला होता. मी घोडा थांबवला आणि तलवार उपसली. हाताला फार हलकी लागली. लाकडी होती. वर चंदेरी रंग. गर्दीत हेडविग उभी होती. ती बँडकडे बघत होती.

मी लाकूड झग्यावर घासलं. धागासुद्धा हलला नाही. बँडनं तेच गाणं पुन्हा धरलं.

"दाजी, कापा की! गोठलो मी!"

"ओढ."

"किती ओढू?"

"फाटेपर्यंत."

त्यानं ओढलं. माझे टाके फाटत नसतात. झग्याचा बंद मात्र माझ्या गळ्यात होता. झगा गेला, पाठोपाठ मी गेलो, तो थेट भिकाऱ्याच्या मांडीवर.

"आई, संत पडला!" एक पोरगी ओरडली. घोडा माझी वाट न बघता घरी गेला.

मी उठलो, बंद सोडला आणि अख्खा झगा एंगलबर्टच्या अंगावर फेकला. टाळ्या पडल्या. मार्टिननं अर्धा दिला, मी सगळा दिला. मला वाटलं, घोडा आता आपलाच.

रविवारी सणाचा भाजलेला हंस वाढता वाढता हेडविग म्हणाली, "उत्सव समितीनं पुढच्या वर्षीही तुम्हांला काम दिलंय."

"देणारच. घोडा ना?"

"घोडाच. पण मागून चालायचं. लीद उचलत."

मी लगेच हो म्हटलं नाही. माणसाला काही मान असतो. आधी अट घातली: फावडं खरं पाहिजे.