चिखलात पडणारा नवरा

एका जंगलात, मुलांनो, घारींची लग्नं हवेतच लागायची. नवरानवरी उंच जायची, पंजात पंजे गुंतवायची आणि गरगरत खाली यायची. जमिनीच्या जरा वर पंजे सोडायचे. वेळेवर सुटले तर लग्न लागलं. नाही सुटले तर हाडं मोडली.

म्हणून झुळूक नावाची तरुण घार एकच गोष्ट बघणार होती. हा वेळेवर सोडेल ना?

तिच्या आत्याला मात्र झुंजारराव पसंत होता. "काय उडतो गं! उलटासुद्धा उडतो. माकडं जेवण टाकून बघायला येतात."

"आणि गुणाजी?"

"तो? नुसता सरळ उडतो. त्याच्याकडे कुत्रं तरी बघतं का?"

आत्यापुढे कुणाचं चालतं? ठरल्या दिवशी सगळं जंगल तळ्याकाठी जमलं. झुळूक आणि झुंजारराव ढगापर्यंत गेले. पंजे गुंतले. दोघं भिंगरीसारखी फिरत खाली येऊ लागली.

झुळूक त्याच्याकडे बघत होती. तो खाली बघत होता. तिला वाटलं, जमिनीचा अंदाज घेतोय.

"कोल्हेसाहेब आलेत का गं?" त्यानं विचारलं.

"झाडं मोठी दिसायला लागली. सोड आता."

"थांब की. माकडं आत्ता कुठे उभी राहिलीत."

"मेल्या, सोड!"

तो मान वळवून हसला. खालच्यांना.

झुळकेनं त्याच्या पंजावर कचकन चोच मारली, हिसडा देऊन सुटली आणि गवताला पोट घासत वर निघाली. झुंजारराव रानम्हशींच्या चिखलात धपकन पडला.

मग माकडं टाळ्या पिटत ओरडली, "वा! शेवट काय केला!"

"बघ," आत्या म्हणाली, "असा पडणारा मुलगा दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही."

"आत्या, आम्ही दोघं मेलो असतो."

"एवढ्या टाळ्या काय उगाच पडतात?"

दुसऱ्या दिवशी झुळूक गुणाजीला घेऊन टेकडीमागे गेली. तिथे बघायला कुणीच नव्हतं. दोघं गरगरत खाली आली. गवताची पाती वेगवेगळी दिसू लागली तेव्हा गुणाजी हळूच म्हणाला, "आता." दोघांनी एकदमच सोडलं.

कुणी पाहिलं नाही, म्हणून जंगलानं ते लग्न धरलं नाही. घरट्यात पिल्लं झाली तरी आत्या त्यांना "शेजारची" म्हणते. आणि हल्ली स्थळ आलं की मुलीकडचे आधी विचारतात, "मुलगा चिखलात पडतो ना?"

तात्पर्य: मुलांनो, उडताना नेहमी प्रेक्षकांकडे बघावं. नीट उतरलात तर फक्त दोघांना कळतं. आपटलात तर सगळ्या जंगलात नाव होतं.