वाटणीच्या पिना

शनिवारी संध्याकाळी कामशेतला आमच्या आळीत आलात, तर एका घराच्या ओट्यावर सत्तरीचे एक गृहस्थ मांडी घालून बसलेले दिसतील. पुढ्यात पाट. पाटावर स्टीलच्या चार छोट्या डब्या, पोरं शाळेत लोणचं नेतात तसल्या. ते एक डबी उघडतात, आत बघतात, मिटतात. दुसरी उघडतात, मान हलवतात, मिटतात. मग डोळे बंद करून स्वस्थ बसतात. नवख्या माणसाला हे ज्योतिषी वाटतात. एकदा वरच्या आळीतल्या एका बाईंनी मुलाची पत्रिकाच आणून पुढ्यात ठेवली. गृहस्थांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि "मला यातलं कळत न्हाई बाई, पर पोरगा चांगला दिसतोय" असं म्हणून परत केली. त्या मुलाचं लग्न पुढच्याच महिन्यात ठरलं, त्यामुळे अजून अधूनमधून एखादी पत्रिका येते.

हे आमचे रघुभाऊ. डब्यांत असतात रेकॉर्ड प्लेअरच्या पिना. पिन म्हणजे रेकॉर्डवर टेकणारी सुई आणि तिला धरून ठेवणारा ठोकळा, असं सगळं मुंडकं. जुन्या चांगल्या मशीनवर हे मुंडकं फिरवून काढता येतं आणि दुसरं बसवता येतं. याला कार्ट्रिज म्हणतात हे रघुभाऊंना माहीत आहे, पण ते पिनच म्हणतात. उद्या रविवारी यातली कुठली न्यायची, हा त्यांचा दर शनिवारचा प्रश्न असतो. मावशी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आतून म्हणतात की मला बघायला आले तेव्हा चहा निवायच्या आत होकार दिला होता, एवढा विचार तेव्हा केला असता तर मीही वाचले असते.

रघुभाऊंनी जन्मभर भाताची गिरणी चालवली. त्यामुळे पिनांची नावंही तांदळाची. पहिली इंद्रायणी. हिचा आवाज मऊ, एक सूर दुसऱ्याला सोडत नाही. दुसरी आंबेमोहोर. "आवाज थोडका, पर घरभर फिरतोय." तिसरी कोलम, सुटीसुटी, तबला वेगळा, पेटी वेगळी. आणि चौथी कणी. तिची सुई पार झिजलेली आहे, आणि तिच्यावर कुणीही गायलं तरी पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस पडताना गातोय असं वाटतं. आपल्या मावळातल्या पावसाळ्यात लोखंडाला काय, माणसालाही बुरशी येते, म्हणून ओल शोषायला प्रत्येक डबीत कापसाखाली चार दाणे तांदूळ असतात. ज्या पिनेला जे नाव, तोच तांदूळ. इंद्रायणीच्या डबीत कोलमचे दाणे टाकले तर काय होईल, असं मी एकदा विचारलं होतं. दोन दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

खरं सांगायचं तर पहिल्या तिघींतला फरक मला आजतागायत कळलेला नाही. एकदा त्यांनी माझी परीक्षा घेतली, तर मी 'कोलम' म्हणालो, कारण दुपारी घरी कोलमचा भात झाला होता. उत्तर बरोबर निघालं. तेव्हापासून मी जाणकारांत मोडतो.

आता यातली गंमत अशी की रघुभाऊंकडे पिना चार आहेत आणि मशीन एकही नाही. मशीन आहे त्यांच्या थोरल्या भावाकडे, नामदेवदादांकडे, बेगडेवाडीला. आणि दादांकडे पिन एकही नाही.

झालं असं, की यांचे वडील लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी होते. तिथले साहेब म्हातारपणी बंगला विकून निघाले, तेव्हा त्यांनी मशीन, रेकॉर्डांची पेटी आणि या चार पिना माळीबुवांना देऊन टाकल्या. दोघं भाऊ लहानपणी स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बसून याच मशीनची गाणी ऐकायचे, हे साहेबांना ठाऊक होतं म्हणे. पुढे वडील गेले, भाताच्या खाचराच्या बांधावरून भावाभावांत बिनसलं आणि वाटणी झाली. भांडी झाली, गुरं झाली, मशीनवर गाडं अडलं. दोघांनाही तेच हवं. शेवटी गावचे एक वयस्कर पंच होते, ते म्हणाले, "मशीन थोरल्याला, पिना धाकट्याला. उठा." म्हणजे जात्याची वरची तळी एकाला आणि खालची दुसऱ्याला. त्या पंचांचं शहाणपण फार खोल होतं, असं मी लोकांना सांगत असे. त्यांच्या पुतण्याने मला सांगितलं की त्या दिवशी घरी मटण होतं आणि काकांना घाई होती.

वर्षभर मशीन मुकं आणि पिना बिनकामाच्या. मग एक दिवस दादांच्या बायकोकडून, म्हणजे वहिनींकडून, निरोप आला की मशीन गंजायला लागलंय, पिन घेऊन ये म्हणावं. तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या लोकलने रघुभाऊ एक पिन घेऊन बेगडेवाडीला जातात आणि संध्याकाळी परत येतात. भांडणाचं ते खाचर दोघांनीही कधीच विकलं. तिथं आता कुणाचं तरी फार्महाऊस आहे. बांध गेला, भांडण गेलं, अबोला तेवढा राहिला.

हा अबोला मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, कारण जाणकार म्हणून मलाही कधीकधी नेतात. दादा खुर्चीत, रघुभाऊ दोन हातांवर पलंगावर, मध्ये वहिनी तांदूळ निवडत. रघुभाऊ म्हणतात, "वहिनी, त्यास्नी म्हणावं पाय सुजल्यात, मीठ कमी खावा." दादा म्हणतात, "त्याला म्हणावं सोताचं बघ." वहिनी कुणालाच काही म्हणत नाहीत, तांदूळ निवडतात. पण त्या चहा टाकायला आत गेल्या की दोघंही गप्प. दादा हात पुढे करतात, रघुभाऊ त्यावर डबी ठेवतात. दादा पिन बसवतात आणि मागचं वजन बोटाने किंचित फिरवतात. प्रत्येक पिनेला वजन वेगळं लागतं, आणि ते दादांच्या बोटालाच माहीत. मग रेकॉर्ड लागते, आणि दोन म्हातारे एकाच ठिकाणी एकदमच मान डोलावतात.

कुठली पिन न्यायची याला शनिवारी एवढा वेळ का लागतो, हे मला तिथं कळलं. रघुभाऊंना जे बोलायचं असतं ते सगळं त्या डबीत असतं. दादांचे गुडघे दुखत असल्याचं कानावर आलं, की इंद्रायणी. नातीला चांगले मार्क पडले, की आंबेमोहोर. गिरणी बंद करून चावी दुसऱ्याच्या हातात दिली त्या आठवड्यात कोलम नेली होती, "सगळं मोकळं झालं" म्हणून. आणि वहिनींशी फोनवर बोलताना मागून दादांचं काही वाकडं बोलणं ऐकू आलं, की कणी. कणी वाजताना दादांचा चेहरा असा होतो की जणू जिभेखाली कारल्याची फोड ठेवलीय. तरी ते रेकॉर्डची अख्खी बाजू ऐकतात. मध्येच बंद केली तर धाकटा जिंकला.

गाडीतला त्यांचा प्रवासही बघण्यासारखा. डबी बंडीच्या आतल्या खिशात आणि उजवा हात वरून छातीवर दाबलेला, तो बेगडेवाडीपर्यंत निघत नाही. एकदा वडगावला एक भला माणूस चढला, त्याने रघुभाऊंचा हात पाहिला, घाम पाहिला, आणि घाबरून स्वतःची जागा दिली, पाणी दिलं.

"आजोबा, छातीत काय होतंय?"

"आंबेमोहोर हाय," रघुभाऊ म्हणाले.

म्हातारा भ्रमिष्ट झाला असं समजून तो साखळी ओढायला निघाला होता. मी मध्ये पडलो म्हणून गाडी वेळेवर पोचली.

रघुभाऊंचा मुलगा त्यांना मशीन घेऊन द्यायला कधीचा तयार आहे. दादा पुण्याला जाऊन पिन आणू शकले असते, आठवड्यातून दोनदा जातात. दोघांनीही ते केलं नाही. मावशी म्हणतात, हा माणूस सहा दिवस नुसता जेवतो आणि सातव्या दिवशी जगतो.

तर गेल्या पावसाळ्यानंतर दादांना पंचाहत्तरावं लागलं. त्यांची मुलगी सुनीता हिंजवडीला नोकरी करते, गुणी पोर. काकांना या वयात दर आठवड्याला हेलपाटा कशाला, म्हणून तिने बाबांसाठी ऑनलाइन नवी कोरी पिन मागवली, मुंडक्यासकट. वहिनींनी फोन करून मावशींना सांगितलं, मावशींनी कौतुकाने रघुभाऊंना सांगितलं.

त्या शनिवारी ओट्यावर पाट नव्हता. मी आत गेलो, तर रघुभाऊ भिंतीला टेकून बसले होते. टीव्हीवर शेअर बाजाराच्या बातम्या चालल्या होत्या आणि ते त्या लक्ष देऊन बघत होते. त्यांच्याकडे एकही शेअर नाही. उद्या कोण, असं मी नेहमीसारखं विचारलं.

"कोन न्हाई," ते म्हणाले. "त्येंच्याकडं पिन आली आता. मी कशाला जाऊ?"

मी म्हणालो, अहो, भावाकडे जायला पिन कशाला लागते? मला वाटलं, मी फार मोठं वाक्य बोललो. रघुभाऊंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. तिकडेच बघत म्हणाले, "तुमाला न्हाई लागत. मला इतकी वर्सं तिनंच नेलंय. हात हालवत गेलो आन् दादा म्हणाला, काय काम काढलंस, तर काय सांगू?"

सत्तर वर्षांचा माणूस थोरला भाऊ काय म्हणेल म्हणून घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्यांची फार दया आली. दादांचा स्वभाव मला माहीत होता. हात हलवत आलेल्या माणसाला ते खरंच तसं विचारतील, अशी भीती मलाही वाटली.

रविवारी सकाळी मावशींनीच मार्ग काढला. फळीवरची हाताला लागली ती डबी उचलून त्यांनी रघुभाऊंच्या खिशात कोंबली, छत्री माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. आम्ही गाडीत बसलो. तळेगाव गेल्यावर रघुभाऊ म्हणाले, पुढच्या स्टेशनात उतरून मागं फिरलो तर चालंल का. मी म्हणालो, आता आलोच आहोत.

दादांच्या घरी नवी पिन मशीनशेजारी ठेवली होती, पारदर्शक खोक्यात, खाली काळं मखमली कापड. रघुभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि पलंगाच्या अगदी कडेला बसले, लगेच उठायचं असल्यासारखे. वहिनी तांदूळ घेऊन बसल्या. दादांनी हात पुढे केला. मला वाटलं होतं, ते नव्या पिनेचं कौतुक सांगतील. पण त्यांनी नेहमीसारखा नुसता हात पुढे केला.

रघुभाऊंनी डबी काढून दिली. दादांनी झाकण उघडलं, आणि आम्हा दोघांना एकदमच दिसलं, कापसाखालून तुकडा तांदूळ डोकावत होता. मावशींच्या हाताला कणी लागली होती.

रघुभाऊंचा चेहरा उतरला. "वहिनी, त्यास्नी सांगा, हिनं घातली खिशात, मी बघितली बी न्हाई. मनात तसं काय न्हाई म्हणावं." दादांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी कणी बसवली, वजन फिरवलं आणि सनईची एक रेकॉर्ड लावली. बाजूभर पत्र्यावरचा पाऊस. दादांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. डोळे मिटून, बोटाने खुर्चीच्या हातावर ठेका धरून ते ती शेवटपर्यंत ऐकत राहिले.

रेकॉर्ड संपली. दादा उठले, नव्या पिनेचं खोकं उचललं, आणि पलंगापाशी जाऊन ते रघुभाऊंच्या मांडीवर ठेवलं. वहिनी बाजूलाच बसल्या होत्या, पण दादांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"ही घिऊन जा," ते म्हणाले. "पिना तुझ्या वाटणीच्या. आता बदलायचं काय कारण न्हाई."

वहिनींचा हात सुपातच थांबला. नेहमीच्या सवयीने रघुभाऊंनी 'वहिनी, त्यास्नी म्हणावं' असं काहीतरी सुरू केलं आणि ते त्यांनाच पुरं करता येईना.

"आणतो, दादा," ते शेवटी म्हणाले. "फुडल्या रविवारी हीच आणतो."

दादा खुर्चीत परत जाऊन बसले.

"येताना जरा आदीच्या गाडीनं येत जा," ते म्हणाले. "बसला न्हाईस तवर लगीच जायाची येळ हुती."