मानमोडीवरच्या कॅप्सूल

चौऱ्याऐंशी साली मी कोंबड्यांच्या मानमोडीला एकट्याने हरवायचं ठरवलं! पलीकडच्या गावात साथ आली होती. माना वाकड्या होऊन कोंबड्या पटापट मरत होत्या. संगमेश्वरचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, यावर औषध नाही. लस आहे, ती आठ दिवसांनी येईल."

औषध नाही? माझा मेहुणा हरिश्चंद्र बोटीवर नोकरीला. त्याने परदेशातून माणसांच्या फ्लूवरच्या कॅप्सूल आणल्या होत्या. विषाणू मारणाऱ्या! मानमोडीही विषाणूचीच. झालं तर मग!

बायकोच्या, म्हणजे राहीच्या, बारा कोंबड्या. लेकरांसारख्या वाढवलेल्या. ती म्हणाली, "एकीला जरी काही झालं ना, तर बघा!"

सहा जणींना औषध, सहा जणींना नाही, असा माझा प्रयोग. कोंड्यात कॅप्सूलमधली पूड कालवायचं काम राहीकडे. औषधवाल्या सहा जणींच्या पायात मी खुणेला लाल दोरे बांधले.

इथेच घात झाला. आमच्या वाडीत लाल दोरा म्हणजे गावच्या राखणदार देवाला नवस बोललेला पक्षी! शेजारच्या गंगुबाईंनी पाहिलं, मास्तरांनी साथीवर नवस बोलला असं सगळीकडे सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत वाडीतल्या झाडून सगळ्या कोंबड्या लाल दोऱ्यात!

"मास्तर, तुमची सहा ऱ्हायली व्हती. तीपन मीच बांधली हो!" गंगुबाई कौतुकाने म्हणाल्या.

माझा प्रयोग पार बोंबलला! कुठली औषधाची, कुठली बिनऔषधाची, कोण सांगणार? राहीने तर डोळ्यांना पदर लावला. "बाराच्या बारा देवाला?"

मी गुरवाकडे धावलो. भागोजी गुरवाने कौल लावला आणि हसत म्हणाला, "साथ सरली की सगल्या वाडीचा मिळून एक कोंबडा पुरे. पन तवर दोऱ्याचा पक्षी येशीभायेर न्यायचा नाय!"

एरवी साथ आली की लोक कोंबड्या काखोटीला मारून पाहुण्यांकडे पळायचे. या वेळी एकही पक्षी हलला नाही. दोन्ही बाजूंची गावं साफ झाली, आमच्या वाडीत एक पीस गळालं नाही!

आठव्या दिवशी डॉक्टर बर्फात ठेवलेली लस घेऊन आले. सगळ्या कोंबड्या टोचून झाल्यावर म्हणाले, "शाब्बास! पक्षी बाहेर नेले नाहीत, म्हणून वाचले."

"छे!" मी छाती काढून बाटली पुढे केली. "या कॅप्सूलमुळे!"

"ती पूड होय?" राही हळूच म्हणाली. "अहो, कडू म्हणून एकीनेही तोंड लावलं नाही. तुमची हौस मोडायला नको, म्हणून बोलले नाही. रोज माडाच्या आळ्यात ओतत होते."

डॉक्टर माझ्याकडे बघेनात. मीही माडाकडे बघत राहिलो. त्या वर्षी आमच्या माडाला फ्लू झाला नाही, एवढं मात्र मी आजही छातीठोकपणे सांगू शकतो!