भिंतीचा तोल

खेळताना डोक्याला मार बसलेला खेळाडू किती दिवसांत बरा होईल, हे त्याच्या चालण्यावरून आणि तोलावरून ठरवावे, असे परिपत्रक क्रीडा कार्यालयाने काढले. कल्पना शहाणपणाची होती. मेंदूला हादरा बसला की तोंड थापा मारते, पाय मारत नाहीत. म्हणून मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून पावलाला पाऊल लावत चालवायचे, डोळे मिटून एका पायावर उभे करायचे आणि त्याची 'मूळ नोंद' करायची. पुढे मार लागलाच, तर नवी चाल मूळ नोंदीशी ताडून पाहायची. जितकी तफावत, तितके दिवस विश्रांती.

मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवणाऱ्या सरांनी हे परिपत्रक तीनदा वाचले. चौथ्यांदा वाचताना त्यांना त्यातली फट दिसली. त्यांचा संघ सलग नऊ वर्षे अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरून परत आला होता, आणि अशा माणसाला फट लवकर दिसते.

"मुलींनो, उद्या पट्टीवरून चालायचंय," ते म्हणाले. "पण नीट चालायचं नाही."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे डुलायचं. आज डुललात, की पुढे मार लागून डुललात तरी कुणाला फरक दिसणार नाही. तफावत शून्य, विश्रांती शून्य. आलं डोक्यात?"

डोक्यात आले. सगळ्यांत झकास डुलली ती गोलकीपर. तिच्यापलीकडे चेंडू जात नसे म्हणून तिला सगळे 'भिंत' म्हणत. ती सरांचीच मुलगी. पण मैदानावर 'सर' आणि घरी 'बाबा' हा नियम तिने कधी मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी चाल-निरीक्षकांसमोरून अकराही जणी झोकांड्या खात गेल्या. निरीक्षकांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता शेरा लिहिला, 'संघाची नैसर्गिक चाल.'

संघ या वेळी अंतिम फेरीत पोचला. सामन्याला तीन दिवस उरले असताना, सरावात, भिंतीचे डोके गोलच्या खांबावर आपटले.

ती लगेच उठली, हसली, आणि भर मैदानात तिने विचारले, "बाबा, आज कुठला वार?" सरांनी वार सांगितला. पाच मिनिटांनी तिने पुन्हा तेच विचारले. सरांनी सराव तिथेच थांबवला, पण वारामुळे नव्हे. मैदानावर ती त्यांना बाबा म्हणाली होती.

तपासणीच्या खोलीत ती पट्टीच्या डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि शेवटी भिंतीला भिंतीचाच आधार घ्यावा लागला. निरीक्षकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ते प्रसन्न झाले.

"तफावत शून्य. बरी होण्याचा अंदाज, शून्य दिवस. अभिनंदन!"

"अहो, तिला उजेड सहन होत नाहीये. वार आठवत नाहीये."

"परिपत्रकात वार नाही. चाल आहे. आणि तंदुरुस्त खेळाडूला विनाकारण बाहेर बसवलंत, तर नियमानुसार संघ बाद."

सरांनी बाकाकडे पाहिले. पोर डोळे घट्ट मिटून, कपाळ दाबून बसली होती. नऊ वर्षांत वाटली नसेल एवढी लाज सरांना त्या मिनिटात वाटली.

"ती मूळ नोंद खोटी आहे," ते म्हणाले. "मीच शिकवलं सगळ्यांना डुलायला."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवले. "करून दाखवा."

सर पट्टीवर उभे राहिले आणि जीव तोडून डुलले. फार कष्ट पडले नाहीत. काळजीने पाय आधीच लटपटत होते. निरीक्षकांनी लिहिले, 'अर्जदाराचा तोल गेलेला आहे. तोल गेलेल्या व्यक्तीचा जबाब ग्राह्य धरता येत नाही.'

"अहो, मी मुद्दाम केलं! सरळ चालून दाखवू का?"

"दाखवा की. पण मघाच्या नोंदीशी तफावत येईल. मग तुम्हालाच विश्रांतीवर पाठवावं लागेल."

घरी भिंतीच्या आईने सगळे ऐकून घेतले. निरीक्षकांनी दिलेले तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले.

"तंदुरुस्त हा कागद आहे ना? मग कागदाला उभं करा गोलमध्ये," ती म्हणाली. "माझी पोर पलंगावरून हलणार नाही."

आईला परिपत्रक पाठवायचे कुणाला सुचले नव्हते, त्यामुळे तिच्यावर ते लागूही झाले नाही. पोर झोपून राहिली, संघ बाद झाला, दहा मुली ढसाढसा रडल्या. सरांनी त्यांची माफी मागितली आणि घरी येऊन लेकीच्या उशाशी बसले.

तीन आठवड्यांनी भिंत ठणठणीत झाली. तपासणीच्या वाटेवर तिने न विचारता वार, तारीख आणि बाबांच्या शर्टाचे तुटलेले बटण सांगितले. पट्टीवरून ती अशी चालली की ओळंबा लावून घ्यावा. निरीक्षकांचा चेहरा पडला.

"गंभीर तफावत. बरी होण्याचा अंदाज, सव्वीस दिवस."

"पण ती बरी झालीय!"

"तेच तर म्हणतोय. पूर्वीसारखी राहिलेली नाही." आणि त्यांनी हळहळत शेरा मारला, 'पूर्ववत डुलू लागल्यावर पुन्हा हजर करावे.'

तेव्हापासून रोज संध्याकाळी घरासमोरच्या रस्त्यावर, कडेच्या पांढऱ्या रेषेवरून, सर धडधाकट लेकीला हाताला धरून झोकांड्या खायला शिकवतात. पहिल्या दिवशी शेजारी गॅलरीत आले, तेव्हा सरांनी मान खाली घातली. पण कुणी हसले नाही. समोरचे निवृत्त कारकून वाकून म्हणाले, "गुडघा जरा सैल सोड गं. आम्ही बढतीच्या वेळी तस्सं करायचो." वरच्या मजल्यावरची नर्स म्हणाली, "आणि चेहरा गंभीर ठेव. त्यावरच सही मिळते."

तुम्ही मात्र हसलात. हसा. फक्त हे पान मिटलेत की घरातल्या घरात दहा पावले सरळ चालून बघा. जमली, तर कुणाला सांगू नका. तुमच्या मूळ नोंदीत काय लिहिलेय, कोण जाणे.