सगुणा खारीचा कुडा

एका जंगलात, बाळांनो, जिकडे पाहावं तिकडे झाडंच झाडं होती. म्हणून तिथे एक बाग सुशोभन समिती होती.

त्याच जंगलात सगुणा नावाची खार राहायची. तिने अंगणात कुड्याचं झुडूप लावलं होतं. चार वर्षं खपून, ओंजळीने पाणी घालून वाढवलं होतं. मागच्या चैत्रात त्याला पहिल्यांदा पांढरी फुलं आली, तेव्हा ती दोन दिवस ढोलीत गेलीच नाही.

थंडी पडली तशी कुड्याने पानं टाकली. दरवर्षीच टाकायचा. पण यंदा सिंहमहाराज बागांच्या पाहणीला यायचे होते. समितीचे अध्यक्ष वानरराव वही घेऊन दारात उभे राहिले.

"या काटक्या उद्यापर्यंत उपटा," ते म्हणाले.

कुडा मेलेला नाही, थंडीत झोपतो, चैत्रात पुन्हा फुलतो, असं सगुणाने परोपरीने सांगितलं.

"झोपायची परवानगी घेतली होती का त्याने?"

पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड उपटायचं कसं? सगुणाने करंजाची पानं आणली आणि गवताच्या काडीने कुड्याच्या फांदीफांदीला बांधली. महाराज आले, खूश झाले. कुड्याला पहिलं बक्षीस मिळालं. करंजाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

चैत्र आला. बांधलेली पानं केव्हाच गळून गेली होती. आता कुडा खरोखरचा फुलला. सगुणा हरखून गेली, वानरराव मात्र हादरले. त्यांच्या वहीत फुलांची नोंद नव्हती.

"बक्षीस घेतल्यावर झाड बदलता येत नाही. पूर्ववत करा, नाहीतर काढून टाका."

सगुणाने एका दिवसाची मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी वानरराव येऊन पाहतात तो कुंपणाशी एक वाळकी फांदी रोवलेली, तिला करंजाची पानं बांधलेली.

"बक्षिसाचं झाड हे, रावसाहेब."

"आणि ते फुललेलं?"

"ते रान आहे. आपोआप उगवलंय."

वानररावांनी पानं मोजली. नोंद जुळली.

"रान आमच्या खात्यात येत नाही," असं म्हणून ते समाधानाने निघून गेले.

तेव्हापासून सगुणा दर आठवड्याला त्या फांदीला ताजी पानं बांधते. मग रानात, म्हणजे आपल्याच अंगणात, फुलांखाली जाऊन निवांत बसते.

तात्पर्य : धीर धरला की फुलं येतात, हे खरंच आहे. पण ती वहीत नसतील तर पंचाईत होते. म्हणून बाळांनो, शहाण्याने नेहमी दोन झाडं लावावीत. एक जगवायला आणि एक दाखवायला.